विषबाधा झालेल्या माणसाला कॅज्युअल्टीत नेल्यावर पहिल्या काही तासांत काय चालतं?

पाणंद

मंडळी, हा धागा काढीन काढीन म्हणत चार महिने गेले.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फवारणी करताना विषबाधा झाली. पाठीवरचा पंप गळत होता. औषध शर्टातून पाठीवर झिरपत राहिलं आणि ते तसेच दोन-अडीच तास काम करत राहिले. मळमळतंय म्हणून बांधावर बसले ते उठलेच नाहीत. मी पोचलो तेव्हा तोंडातून लाळेची धार, डोळ्यांतून पाणी, अंग घामानं निथळत होतं आणि छातीत पाण्यात बुडबुडे फुटावेत तशी घरघर.

कॅज्युअल्टीत शिरल्यापासून मी एकच धोशा लावला होता, "पोट धुवा, उतारा द्या." कोणी माझ्याकडे बघेना. एका सिस्टरनी तोंडात नळी घालून लाळ ओढायला सुरुवात केली, दुसरीनं कात्रीनं शर्ट कापायला घेतला. माणूस जातोय आणि ह्या कपडे काय काढतायत, म्हणून मी आवाज चढवला. त्यातल्या वयानं मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "दादा, ह्यांच्या पोटात काही गेलेलं नाही. कातडीतून गेलंय. हा शर्ट अंगावर आहे तोवर विष आत जातच राहणार. आणि तुम्ही आधी कोपरापर्यंत हात साबणानं धुऊन या."

गाडीत तासभर मी आप्पांना त्याच शर्टासकट छातीशी धरून बसलो होतो. ही गोष्ट मला अजून रात्रीची जागी करते. म्हणून लिहितोय.

नऊ दिवस आयसीयूबाहेर बसून जे कळलं ते असं की आपण नातेवाईक विषाच्या मागे असतो आणि आतली माणसं श्वासाच्या मागे. आत नेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत विषाचं नावसुद्धा कोणी विचारलं नाही. श्वासनलिका मोकळी आहे का, छाती हलतेय का, नाडी किती, बीपी किती, बोट टोचून साखर किती, बाहुल्या कशा आहेत, एवढंच. आप्पांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यावरूनच त्यांना अंदाज आला होता. औषधाची बाटली मी नंतर आणून दिली.

मग ॲट्रोपिन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी आप्पा बोलायला लागले, घरी कधी सोडणार म्हणून विचारलं. आम्ही सगळ्यांना फोन करून 'धोका टळला' म्हणून कळवूनही टाकलं. रातपाळीच्या सिस्टर मात्र दर दोन तासांनी येऊन एकच सांगायच्या, "बाबा, उशीवरून डोकं उचला बरं." मला वाटायचं मानेचा व्यायाम असेल. तिसऱ्या रात्री साडेतीनला आप्पांना डोकं उचलता येईना. ते शुद्धीवर होते, बोलत होते, पण डोकं उशीला खिळलेलं. सिस्टर धावत गेल्या, डॉक्टर आले आणि अर्ध्या तासात आप्पा व्हेंटिलेटरवर. पुढचे पाच दिवस मशीननं श्वास दिला.

त्या सिस्टर 'आता बरे आहेत' म्हणून त्या रात्री आल्या नसत्या तर काय झालं असतं, हे मला लिहवत नाही.

इथे डॉक्टर, नर्स मंडळी आहेत. आत काय करतात आणि का करतात, हे आमच्यासारख्यांना समजेल असं लिहा. बाहेर बसलेल्या माणसाला ते कळलं तर तो निदान आरडाओरडा तरी करणार नाही.

रातपाळी

पाणंददादा, वाचून गलबलून आलं. बावीस वर्षं आयसीयूत आहे, त्यातली निम्म्याहून जास्त रात्रीची.

डोकं उचलायला का सांगतात ते आधी सांगते. कीटकनाशकांमधला एक मोठा गट नसांचा निरोप थांबवणाऱ्या एन्झाइमला निकामी करतो. नसेनं स्नायूला किंवा ग्रंथीला 'चालू हो' म्हणायचं आणि लगेच 'पुरे' म्हणायचं, असा शरीराचा नेम असतो. ते 'पुरे' म्हणणंच बंद होतं. म्हणून लाळ, घाम, अश्रू, जुलाब, छातीत पाणी. ॲट्रोपिन हा सगळा पाझर थांबवतं, पण स्नायूंवर त्याचा काही उपाय चालत नाही. साधारण पहिल्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, पहिला जोर ओसरल्यावर, काही जणांच्या मानेचे आणि मग श्वासाचे स्नायू ढिले पडतात. मान आधी जाते. म्हणून मान बघायची. ऑक्सिजनचा आकडा खाली येईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

आता ॲट्रोपिन. लोकांना वाटतं एक इंजेक्शन टोचलं की झालं. गंभीर रुग्णात आम्ही छोट्या डोसनं सुरू करतो आणि दर पाच मिनिटांनी आधीच्या दुप्पट करत जातो, छाती कोरडी होईपर्यंत. मग त्याचं ठिबक लावून द्यायचं. छाती स्टेथोस्कोपनं ऐकायची, नाडी ८० च्या वर हवी, वरचं बीपीही ८० च्या वर हवं. आणि काखेत हात घालून बघायचं. काख ओली म्हणजे औषध कमी पडतंय. काख कोरडी, छाती साफ, म्हणजे बेतात. काख कोरडी आहेच, वर अंग तापलंय, पेशंट हवेत काहीतरी वेचतोय, चादर ओढतोय, पोटाचा आवाज बंद, लघवी अडलेली, म्हणजे जास्त झालं. थांबवा आणि मग कमी वेगानं पुन्हा सुरू करा. रात्रभर हेच. माझ्या हाताला त्या काखांची सवय झाली आहे, अंधारातही सांगेन.

हवेत वेचणारा पेशंट बघून नातेवाईक घाबरतात, 'वेड लागलं' म्हणतात. वेड नाही, ॲट्रोपिन उतरलं की ते जातं.

आणि तुमचं गाडीतलं. तुम्ही त्यांना वेळेत पोचवलंत. तो शर्ट काढायचा असतो हे तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

निवृत्त मास्तर

माझं वय ७६. आमच्या वेळी काहीही पोटात गेलं की मिठाचं पाणी पाजून उलटी करवायचे, घशात बोटं घालायचे. ते बरोबर नव्हतं का? मी स्वतः दोघांना असं पाजलेलं आहे. दोघंही वाचले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगावं.

चैत्रपालवी

मास्तरकाका, मीही हेच विचारायला आले. माझ्या भाचीनं दीड वर्षाची असताना पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं रॉकेल प्यायलं. दोनच घोट. आम्ही घाबरून तिला उलटं धरून उलटी करवली. त्यानंतर जो खोकला सुरू झाला तो थांबेचना. न्यूमोनिया झाला, अकरा दिवस दवाखाना. डॉक्टर चिडले होते आमच्यावर. ती आता आठवीत आहे, ठणठणीत आहे. पण उलटी करवली नसती तर एवढं झालंच नसतं का, हे मी कधी कोणाला विचारलं नाही.

आकस्मिक

मास्तरकाका, नमस्कार. मी इमर्जन्सी विभागात काम करतो. स्पष्टच सांगतो: घरी उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी तर अजिबात नाही. ते दोघं उलटीमुळे नव्हे, उलटी होऊनही वाचले असणार. मिठाचं दाट पाणी पोटात राहिलं तर रक्तातलं सोडियम इतकं वाढतं की झटके येतात, मेंदूला सूज येते. केवळ त्या मिठानं माणसं दगावलेली आहेत. एकेकाळी इपिकॅक नावाचं उलटीचं औषध अमेरिकेत घराघरांत ठेवायला सांगत. २००३ साली तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंच ते घरी वापरू नका म्हणून सांगितलं. तुम्ही जे केलंत ते त्या काळी डॉक्टरसुद्धा सांगत होते, त्याचा भार घेऊ नका.

चैत्रपालवीताई, रॉकेल, थिनर, पेट्रोल ह्यांचं भय पोटापेक्षा फुप्फुसाचं. ते पाण्यापेक्षा पातळ पसरतं, गिळताना किंवा उलटीत एक थेंब श्वासनलिकेत सांडला तरी आत सगळीकडे पसरतं. बऱ्याचदा पहिल्या घोटालाच ठसका लागून ते आत गेलेलं असतं, त्यामुळे उलटी करवली नसती तरी न्यूमोनिया झाला असता की नाही, कोणालाच ठरवता येणार नाही. मूल खोकत नसलं तरी आम्ही किमान सहा तास बघत ठेवतो आणि छातीचा एक्स-रे काढतो. पोट धुवायचं नाही. आणि चिडलेला डॉक्टर चुकला. घाबरलेल्या आईबापांना, मावशीला तेव्हा चिडून काय मिळतं?

ॲसिड, संडास साफ करायचं द्रव, नळ मोकळा करायची पावडर ह्यातही तेच. जाताना अन्ननलिका भाजते, उलटीत परत येताना पुन्हा भाजते. ॲसिडवर अल्कली, अल्कलीवर ॲसिड असं 'उलट' औषध देऊन त्याचा असर मारायला जाऊ नका, त्या प्रक्रियेत उष्णता निर्माण होते. तोंड पाण्यानं धुवा, निघा. आम्ही पहिल्या २४ तासांत दुर्बीण घालून किती भाजलंय ते बघतो.

आता पाणंद यांच्या 'पोट धुवा'बद्दल. नातेवाइकांचा सगळ्यात मोठा आग्रह हाच असतो आणि न धुतलं तर आम्ही हलगर्जी करतोय असं त्यांना वाटतं. अमेरिका आणि युरोपातल्या विषतज्ज्ञांच्या संघटनांनी १९९७ पासून एकत्र बसून हेच म्हटलंय की पोट धुणं सरसकट करू नये. तासाभरानंतर पोटात फारसं उरलेलं नसतं. पेशंट गुंगीत असेल तर नळी घालताना उलटी होऊन ती फुप्फुसात जाते. म्हणजे एका दुखण्याची दोन होतात. अगदी लवकर आलेला, विष खरोखर जिवावर बेतणारं, आणि श्वासनलिका नळी घालून सुरक्षित केलेली, अशा थोड्याच वेळी त्याचा विचार होतो.

पोटातलं विष धरायला कोळसा देतात, म्हणजे ॲक्टिव्हेटेड चारकोल. चुलीतला कोळसा नव्हे. ह्याच्या कणांना इतकी बारीक छिद्रं असतात की एका ग्रॅमचा पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो, त्यावर विष चिकटतं. मोठ्या माणसाला साधारण ५० ग्रॅम पाण्यात कालवून, शक्यतो पहिल्या तासात. लोह, लिथियम, अल्कोहोल, ॲसिड, अल्कली ह्यांना तो धरत नाही. आणि त्याचाही गाजावाजा नको. श्रीलंकेत ४,६३२ रुग्णांवर झालेला अभ्यास २००८ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. कोळसा न दिलेले, एकदा दिलेले आणि पुन्हापुन्हा दिलेले, तिन्ही गटांत मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. त्यातले बहुतेक रुग्ण उशिरा पोचलेले होते, हेही खरं. लवकर आलेल्याला मी अजूनही देतो.

निवृत्त मास्तर

आभारी आहे डॉक्टर. वाईट वाटलं, पण कळलं ते बरं झालं. नातवंडांच्या घरी हे कळवतो.

सायंतारा

माझा अनुभव वेगळा आहे. आमच्याकडे विष वगैरे काही नव्हतंच, असं आम्ही धरून चाललो होतो.

नवऱ्याची दाढ दुखत होती आणि त्यात सर्दी-ताप. दाढेसाठी एक गोळी, तापासाठी दुसरी, सर्दीसाठी तिसरी. तिन्हींत पॅरासिटामॉल होतं. चार दिवस तो तिन्ही घेत राहिला. मग उलट्या. दवाखान्यात डॉक्टरांनी सगळी पाकिटं मागवली, एकेकावरचं बारीक अक्षर वाचून बेरीज केली आणि ताबडतोब दाखल करून घेतलं. तो चालत होता, गप्पा मारत होता! आम्ही सही करून घरी न्यायच्या बेतात होतो. दुसऱ्या दिवशी लिव्हरचे आकडे आले तेव्हा पाय लटपटले. सलाईनमधून औषध चालू केलं होतं, त्याला सडक्या अंड्यासारखा वास यायचा, एवढं आठवतं. वाचला.

आकस्मिक

सायंतारा, पाकिटं घेऊन गेलात हेच मोठं काम झालं. ते औषध एन-ॲसिटिलसिस्टीन. त्यात गंधक असतं, म्हणून तो वास. पॅरासिटामॉलचा जास्त डोस झाला की लिव्हरमधला राखीव साठा, ग्लुटाथायोन, संपतो आणि मग विषारी घटक लिव्हरच्याच पेशींना जाळायला लागतो. हे औषध तो साठा भरून काढतं. एकदाच जास्त घेतलं गेलं असेल तर आठ तासांच्या आत सुरू झाल्यास लिव्हर जवळजवळ नेहमीच वाचतं. उशीर झाला तरी द्यायचंच असतं.

ह्यातली फसवी गोष्ट म्हणजे पहिला दिवस. मळमळ असते किंवा काहीच नसतं, पेशंट हसतखेळत असतो आणि लिव्हर आतल्या आत जात असतं. म्हणून आम्ही चार तासांनंतर रक्तातली पातळी मोजून १९७५ सालच्या रुमॅक-मॅथ्यू आलेखावर ठेवतो आणि औषध द्यायचं का ते ठरवतो. तुमच्या नवऱ्याला तो आलेख लागू नव्हता, कारण तो एकदाच घेतलेल्या डोससाठी आहे. चार दिवस थोडं थोडं जास्त गेलेल्यात पातळी साधी दिसू शकते. तुमच्या डॉक्टरांनी आलेखाच्या भरवशावर न राहता पाकिटांची बेरीज केली, तेच योग्य.

'उतारा' ह्या शब्दाबद्दलही बोलायचं होतं. बहुतेक विषांना खास उतारा नाहीच. ज्यांना आहे त्यातले काही चमत्कार वाटावेत असे आहेत. अफूच्या जातीच्या औषधांनी श्वास थांबलेला माणूस नॅलोक्सोननं मिनिटाभरात डोळे उघडतो. पण त्याचा असर उतरला की पुन्हा श्वास मंदावू शकतो, म्हणून लगेच घरी पाठवायचं नाही. मिथेनॉलवर, म्हणजे विषारी दारूत सापडतं त्या अल्कोहोलवर, फोमेपिझोल देतात, ते नसेल तर चक्क साधं अल्कोहोल, मोजून. मिथेनॉल आणि साधं अल्कोहोल दोघांनाही मोडणारं एन्झाइम एकच, त्याला साध्या अल्कोहोलमध्ये गुंतवून ठेवलं की मिथेनॉलपासून डोळ्यांची नस मारणारं फॉर्मिक ॲसिड बनत नाही. मग डायलिसिसनं मिथेनॉल बाहेर काढतात. हे फक्त आयसीयूत, पातळी मोजत करायचं काम आहे, घरी कोणी डोकं चालवू नये. बंद खोलीत शेगडी किंवा जनरेटरच्या धुरानं बेशुद्ध पडलेल्याला ऑक्सिजन हाच उतारा. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चारपाच तास लागतात, मास्कनं शंभर टक्के ऑक्सिजन दिला की साधारण तासा-दीड तासात. इथे बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ९९ दाखवतं आणि फसवतं. त्याला तो वायू आणि ऑक्सिजन ह्यांतला फरक कळत नाही.

आप्पांना प्रॅलिडॉक्सिमही दिलं असेल, पीएएम म्हणतात ते, कीटकनाशकानं निकामी केलेलं एन्झाइम पुन्हा चालू करायला. १९५५ च्या सुमाराचं औषध आहे आणि अजून डॉक्टरांत त्यावर एकमत नाही. बारामतीत २०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, २००६ साली, मोठ्या डोसचा फायदा दिसला. २००९ साली श्रीलंकेतल्या २३५ रुग्णांच्या अभ्यासात दिसला नाही. म्हणून एका दवाखान्यात देतात, दुसऱ्यात नाही. त्यावरून कोणी दुर्लक्ष केलं असा अर्थ काढू नका. ॲट्रोपिन, श्वास आणि पहारा ह्या तिन्हींबद्दल मात्र कुठेही वाद नाही.

वाटसरू

मग घरच्यांनी नेमकं काय करायचं? मला थोडक्यात हवंय, फ्रिजवर लावायला.

रातपाळी

वाटसरू, सांगते. जे काही पोटात गेलं किंवा अंगावर सांडलं त्याचं डबडं, बाटली, पाकीट, रिकामं असलं तरी, पिशवीत घालून बरोबर आणा. झाकणावरचं नाव मोबाईलनं फोटो काढून ठेवा. किती वाजता झालं ते लिहून आणा. तास महत्त्वाचा आहे. अंगावर असेल तर हातमोजे घालून कपडे काढा, साबणपाण्यानं धुवा, केस आणि नखंसुद्धा. डोळ्यात असेल तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्यानं. गुंगीत असेल तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. धूर असेल तर आधी तुम्ही स्वतः आत पडणार नाही ना बघा, दारं उघडा, बाहेर ओढा.

आणि खरं सांगा. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. 'चुकून घेतलं', 'काही घेतलं नाही, चक्कर आली' असं घरचे दबक्या आवाजात सांगतात, कारण पोरीचं नाव जाईल, लोक काय म्हणतील. आमच्या दृष्टीनं ती पोर म्हणजे एक नाडी, एक श्वास आहे. काय घेतलं ते कळलं नाही तर तिचे तास वाया जातात.

ओलीसावली

खूप दिवस इथे फक्त वाचते. आज लिहिते.

मी त्या खाटेवर होते. सहा वर्षं झाली. काय घेतलं ते लिहिणार नाही. माझ्या घरच्यांनी खोटं सांगितलं होतं आणि मीही होकार भरला होता. रात्री एक सिस्टर नळी नीट करायला आल्या. त्यांनी 'का केलंस' विचारलं नाही. नाव विचारलं, मग म्हणाल्या, "थंडी वाजतेय का?" मला खरंच खूप थंडी वाजत होती. ब्लँकेट घातलं आणि तिथेच स्टूल ओढून बसल्या. मग मी खरं सांगितलं. त्यांनी तसंच उठून डॉक्टरांना सांगितलं आणि उपचार बदलले.

तिसऱ्या दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टर भेटायला आल्या, त्यांना भेटल्याशिवाय सोडणार नव्हते. तेव्हा राग आला होता. अजून त्यांच्याकडे जाते, आता तीन महिन्यांतून एकदा. हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात आत्ता तसं काही चाललं असेल तर जवळच्या एका माणसाला आत्ता उठवा. मी उठवलं नव्हतं. रात्रीचे तीन वाजले असले तरी उठवा.

रातपाळी

ओलीसावली, बाळा, लिहिलंस फार बरं केलंस. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, कधीही. मी रात्रीची जागीच असते.

आकस्मिक

ओलीसावली, मनापासून आभार. तुमच्या डॉक्टरांनी भेटल्याशिवाय सोडलं नाही हा उपचाराचाच भाग आहे, सलाईनइतकाच. विष उतरलं म्हणजे केस संपली असं धरून घरी पाठवणं ही आमच्याकडून होणारी सर्वांत मोठी चूक आहे. पेशंट आणि घरचे दोघांशी बोलणं, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात किंवा घराबाहेर हलवणं, पुढच्या भेटीची तारीख हातात देणं, हे सगळं डिस्चार्जच्या कागदाबरोबर व्हायला हवं.

चैत्रपालवी

पाणंददादा, आप्पा आता कसे आहेत? आणि त्या शर्टाचं पुढे काय केलंत?

पाणंद

सगळ्यांचे किती आभार मानू! एवढं कळलं असतं तर त्या नऊ दिवसांत मी त्या सिस्टरांशी वेगळं वागलो असतो. परवा जाऊन भेटून आलो. रातपाळीताई, तुमचं काखेचं त्यांना वाचून दाखवलं, त्या लगेच "बरोबर आहे" म्हणाल्या.

आप्पा बरे आहेत. पायांत थोडा अशक्तपणा होता, दीड-दोन महिन्यांनी गेला. शर्ट सिस्टरांनी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवला होता, धुऊन वापरू नका म्हणून बजावलं होतं, आम्ही तो टाकून दिला. पंप मी मोडून टाकला. आप्पांनी आल्या आल्या पंपाबद्दल विचारलं तेव्हा सांगितलं. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मान उचल म्हणायची ती बाई रोज यायची का रे? मला वाटलं मला स्वप्न पडतंय."

रोज यायची, आप्पा. दर दोन तासांनी.